न गळणाऱ्या केसांचं काय होतं?

जमिनीवर बसा. पाठ भिंतीला टेकू द्या. ब्रश जवळ असू दे, पण इतक्यात उचलू नका.

शेजारी तुमचं डूडल, म्हणजे पूडलच्या संकरातलं कुत्रं, पहुडलं असेल. गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचं गोल्डनडूडल, लॅब्राडोरचं लॅब्राडूडल, बर्नीज माउंटन डॉगचं बर्नडूडल, कॉकर स्पॅनियलचं कॉकापू, कुठलंही चालेल. घरी कुत्रं नसेल तर मनात आणा. एक हात त्याच्या पाठीवर पसरून ठेवा आणि हलवू नका. त्याचा श्वास तळव्याला जाणवू द्या.

केस मऊ लागतील. या मऊपणावर मात्र एवढ्यात विश्वास ठेवू नका. हात अजून वरवरच आहे.

आता एक प्रश्न मनात धरा. हे कुत्रं घरी आणताना कुणीतरी सांगितलं असेल, “याचे केस गळत नाहीत.” न गळणारा केस मग जातो कुठे?

लॅब्राडोरचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो आणि गळतो. सोफ्यावर दिसतो, काळ्या पँटवर दिसतो. पूडलचा केस दीर्घकाळ वाढतच राहतो. त्याचेही केस सुटतात, पण ते जमिनीवर पोहोचत नाहीत. शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून अंगावरच राहतात. घर स्वच्छ दिसतं, कारण झाडूचं काम कुत्र्याच्या अंगावर साचत असतं.

थोडं थांबा. ही सोय कुणासाठी झाली, ते आठवा. 1980च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन अंधांसाठी वाटाड्या कुत्र्यांची पैदास करत होते. हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना असं कुत्रं हवं होतं, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. पिल्लांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला धाडले. त्या गृहस्थांना सोसेल असं त्यातलं एकच पिल्लू निघालं. एकाच वेतातल्या भावंडांमध्येही एवढा फरक होता. पुढे डूडलची लाट आली आणि ‘ॲलर्जी होत नाही, केस गळत नाहीत’ हे आश्वासन सरसकट सगळ्यांना चिकटलं. ॲलर्जी घडवणारी प्रथिनं लाळेत आणि कोंड्यातही असतात, हे मागे पडलं. पुढे कॉनरन यांनीच या सगळ्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

आता बोटं हळूच केसांत शिरू द्या. डूडलच्या केसांचे ढोबळ तीन प्रकार. सरळ केस असतील तर बोटं सहज कातडीला भिडतात. असे केस गळतात जास्त, गुंततात कमी. लहरदार केस रेशमी लागतात. सगळ्यांना तेच आवडतात आणि तेच गुपचूप गुंततात. घट्ट कुरळे केस स्प्रिंगसारखे बोटाभोवती परत येतात. 2009 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनानुसार कुत्र्यांच्या केसांतलं बरंचसं वैविध्य तीन जनुकांवरून ठरतं. एक लांबीचं, एक कुरळेपणाचं, एक मिशा-भुवयांच्या झुपक्यांचं. प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला त्यांचं वेगळं मिश्रण येतं. म्हणून ‘डूडलचे केस कसे असतात’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमच्या हाताखाली आहेत, ते कसे आहेत?

पिल्लू असेल तर हे उत्तरही बदलणार आहे. साधारण सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत बाळकेस जाऊन मोठेपणीचे केस येतात. जुने सुटतात, नवे उगवतात आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. काल पुरलेली सवय आज पुरत नाही. या काळात हात अधिक वेळा फिरू द्या.

आता हाताला अवघड जागी नेऊ. एकेका जागी थांबत चला.

कानामागे. केस सर्वांत बारीक इथे.

गळपट्ट्याखाली. तिथे सतत घासलं जातं.

काखेत. पाऊल टाकलं की कातडी कातडीवर घासते.

जांघेत, शेपटीच्या मुळाशी, पायाच्या बोटांमध्ये.

घर्षण आणि ओल एकत्र आली की केस एकमेकांत रुततात. बोटाला गाठ लागली तर ओढू नका. फक्त तिच्याखाली कातडी कुठे सुरू होते, ते चाचपा. ही गाठ काखेत असेल तर प्रत्येक पावलागणिक ती कातडी ताणली जाते. कुत्रं तक्रार करत नाही. पाय आखडून घेतं, हात नेला की मान वळवतं. आपण म्हणतो, “याला ब्रश आवडत नाही.” खरंच ब्रश आवडत नाही, की दुखणं आवडत नाही? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा.

मग ब्रश उचला. तो वरवरून फिरवत सुटायचं नाही. एका हातानं केस वर धरा, कातडीची एक रेघ दिसू द्या आणि तिथून थोडेच केस खाली विंचरा. मग त्यावरची पुढची रेघ. केस कोरडे ठणठणीत असतील तर आधी पाण्याचा किंवा कंडिशनरचा हलका फवारा मारा. गाठ आली तर तिचं मूळ बोटांत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही, आणि टोकाकडून सोडवत या. शेवटी धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत चालवा. ब्रश वरवरून फसवू शकतो, कंगवा अडतो. तो जिथे अडेल तिथे परत या.

आंघोळ यानंतर. गुंता भिजला आणि तसाच वाळला की अधिक आवळतो. आंघोळीनंतर केस मुळापर्यंत वाळवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर रोजच्या फेरीनंतर पोट आणि पंजे कोरडे करायलाच हवेत. ओल अडकलेल्या कातडीवर चट्टे उठतात, खाज सुटते.

आणि गुंत्याची जाड चादरच झाली असेल तर? तेव्हा कात्री दूर ठेवा. गुंत्यात कातडीही वर ओढली गेलेली असते, ती कापली जाते. ग्रूमर अशा वेळी मशीन गुंत्याखालून कातडीलगत चालवतो आणि केस सगळेच उतरवतो. जड गुंत्यातून सुटलेले कान कुत्रं जोरानं झटकतं, त्यानं कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. म्हणून कानांवर लक्ष ठेवावं लागतं. बोडकं झालेलं कुत्रं पाहून मालकाला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं नीट पाहा. त्यात कुत्र्यासाठी किती आहे आणि फोटोतल्या टेडी बेअरसाठी किती?

आता हात थांबवा आणि शेवटचा हिशेब मनात करा. आठवड्यातून किती वेळा तुम्ही खरोखर असं बसू शकता? ‘बसायला हवं’ ते सोडा, बसू शकता तेवढंच मोजा. कुरळ्या लांब केसांना जवळजवळ रोज हात लागतो आणि चार ते आठ आठवड्यांनी ग्रूमर लागतो. तेवढा वेळ असेल तर केस लांब ठेवा, खुशाल मिरवा. नसेल तर ग्रूमरला केस आखूड करायला सांगा. त्यात कमीपणा नाही. केसांची लांबी कुत्रं ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणून आपल्या हातांना झेपतील तेवढेच केस त्याच्या अंगावर ठेवावेत.