डॅन्यूबवरची पंचाहत्तरी

पांडुरंगा, तुझी रखुमाई कौंडण्यपूरची, आमच्याच वर्धा नदीच्या काठची. त्या नात्याने तू इकडचा जावई. म्हणून जरा हक्काने बोलते, रागावू नको.

आमच्या ह्यांना पंचाहत्तरावं लागलं आणि मुलांनी ते युरोपात, नदीवर, बोटीत साजरं केलं. जर्मनीतल्या पासाउपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत. मुलगा-सून म्युनिकहून आले, लेक-जावई पुण्याहून, नणंद अमरावतीची, आणि वर्ध्याजवळच्या सावंगीतल्या आमच्याच गल्लीतली दोन जोडपी. सगळे धडधाकट गेले नि धडधाकट परत आले. त्याबद्दल तुझ्या पायी डोकं ठेवते. पण आज मागणं निराळंच आहे. झालेल्या आनंदाची मला लाज वाटू देऊ नको.

लाज का वाटते ते तुला सांगायला नको. आमच्या घरावरून जाणारा रस्ता यवतमाळकडून येतो. विनोबांच्या नावाच्या रुग्णालयात रोज माणसं उतरतात. कुठून कुठून येतात, पार गडचिरोलीकडून. पेशंट आत, आणि सोबतचं माणूस बाहेर पिशवी उशाला घेऊन पडलेलं. पलीकडे सेवाग्राम. बापूंनी स्वतःच्या जन्मदिवसाचा सुद्धा चरखा करून टाकला. भाद्रपद वद्य द्वादशी, चरखा द्वादशी. माझा वाढदिवस करायचा तर सूत काता, म्हणाले. अशा जिल्ह्यात आयुष्य गेलेल्या माणसाला केकसमोर उभं केलं की त्याचे हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नाही. ह्यांना कळत नव्हतं. मी पाहिलं, तूही पाहिलंस.

निघण्याआधी एक जण म्हणालेच, एवढ्या पैशात किती पोरींच्या फिया भरल्या असत्या! हिशेब खरा आहे, देवा. मी खोटा म्हणत नाही. फक्त हाच हिशेब लग्नातल्या डीजेला आणि गावजेवणाला कोणी लावत नाही, म्हाताऱ्याच्या सुखालाच लावतात, एवढं तुझ्या कानावर घालते. फिया भरायच्या त्या भरू. तेवढी बुद्धी दे, आणि भरल्या की चारचौघांत सांगत न सुटण्याची पण दे.

आणि बापूही बोटीने गेलेच होते की. १९३१ साली, गोलमेज परिषदेला, ‘राजपुताना’ बोटीवरून. डेकवर रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. सोबत्यांनी सामान फार घेतलं म्हणून ते रागावले आणि जास्तीचं एडनहून परत पाठवलं. आमच्या बॅगांत गोरसपाक, चिवडा, तिखटाचा डबा, मिरचीचं लोणचं, आणि आमचं एडन कुठेच आलं नाही. सगळं बुडापेस्टपर्यंत पोचलं आणि संपलं. गोरसपाक तर बोटीवरच्या लोकांनीच संपवला.

औक्षणाचं मात्र विचारायचं आहे. निरांजन लावू देईनात. बोटीवर उघडी ज्योत चालत नाही, आगीची भीती असते, आणि ते बरोबरच आहे. मग सुनेने सेलवरचा दिवा ताटात ठेवला. नणंदेने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली. सेलच्या दिव्याचं औक्षण पोचतं का रे? पोचलं असं मी धरून चालले आहे. तुझं काही वेगळं मत असलं तर आता सांगू नको.

तिथे जेवण वाढणारी पोरं फिलिपिन्सची, रुमानियाची. महिनोन्‌महिने बोटीवर. रोज कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवून गातात, ह्यांच्यासाठीही गायली. स्वतःच्या वाढदिवसाला ती कुठे असतात? कुणाच्या तरी टेबलाशीच. त्यांच्या आया घरी वाट पाहत असतील. त्यांना तू आयुष्य दे, आणि वर्षातून एकदा तरी त्या दिवशी घरचं ताट दे.

नदीबद्दल बोलते. काळ्या जंगलात उगम, २,८५० किलोमीटरची वाट, दहा देश, आणि शेवटी काळा समुद्र. धरणाशी आली की बोट थेट जात नाही. दोन उंच भिंतींमधल्या हौदात शिरते. मागचा दरवाजा बंद होतो, पाणी सोडतात, आणि एवढी मोठी बोट जागच्या जागी खाली खाली जाते. डेकवर उभं राहिलं की हात लांब केला तर ओली भिंत लागेल असं वाटतं. मग पुढचा दरवाजा उघडतो आणि नदी पुन्हा समोर. याला लॉक म्हणतात. ब्रातिस्लाव्हाच्या खाली गाब्चिकोव्होला तर जवळपास वीस मीटर उतरावं लागतं. ह्यांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसले होते, तेव्हा असाच मागचा दरवाजा बंद होता आणि पुढचा उघडला नव्हता. तू उघडलास. त्या लॉकमध्ये सगळे फोटो काढत होते, मी तुझं नाव घेत होते. हे कोणाला सांगितलं नाही, तुलाच सांगते.

ब्रातिस्लाव्हाच्या अलीकडे देविनचा किल्ला लागतो. त्याच्याखाली काठाने १९८९ पर्यंत काटेरी तारा होत्या. पलीकडे ऑस्ट्रिया, आणि नदी ओलांडून तिकडे निघालेल्यांवर गोळ्या चालत. आम्ही त्या जागेवरून चहा पीत पुढे गेलो. पासपोर्ट बॅगेतून काढावा लागला नाही. जे तिथे मेले त्यांना तुझ्याजवळ जागा दे.

बुडापेस्टला रात्री संसदेची इमारत उजळते. सगळे डेकवर जमले, ह्यांच्या अंगावर शाल घातली, पोरांनी गाणं म्हटलं. तिथेच मार्गिट पुलाखाली, २९ मे २०१९ च्या रात्री, पावसात, हाब्लेआन्य नावाची छोटी बोट मोठ्या क्रूझ बोटीच्या धडकेने काही क्षणांत बुडाली. तिच्यावर ३३ कोरियन प्रवासी होते. त्यातले फक्त सात वाचले. बोट चालवणारे दोघे हंगेरियनही गेले. ती माणसंही आमच्यासारखीच निघाली असतील, दिवे बघायला, घरच्यांसोबत. आणि देवा, आम्ही मोठ्या बोटीवर होतो. मोठ्या बोटीवरून खालची छोटी बोट दिसत नाही. आमच्या सुखाखाली कोणी येऊ नये, एवढी नजर आम्हाला दे. चालवणाऱ्यांना तर दे­च.

तिथली नदीही नेहमी भरलेली नसते, बरं का. २०२२ च्या उन्हाळ्यात डॅन्यूब इतकी आटली की सर्बियात प्राहोवोजवळ दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जर्मन जहाजं वर दिसू लागली. ऐकून मला पवनार आठवलं. विनोबांच्या आश्रमाखालची आमची धाम. १२ फेब्रुवारी १९४८ ला बापूंच्या अस्थी जिथे सोडल्या ती. मे महिन्यात तिथे पाणी शोधावं लागतं, दगडच फार दिसतात. ती वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. तिच्यावर कुठली बोट चालावी असं माझं मागणं नाही. गाईगुरांना प्यायला मिळावं, काठच्या कापूस-तुरीला आधार व्हावा, आणि आंघोळीला गेलेल्या पोरांना खोल डोहात खेचू नये. बस्स.

ह्यांना विचारलं, पुढचा वाढदिवस कुठे करायचा. म्हणाले, पवनारला जाऊ, तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घे, गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन. तिथे समई लावली तर कोणी अडवणार नाही.

तेव्हा, पांडुरंगा, ह्यांना तेवढं वर्ष दे, आणि धामेला पाणी दे.