मागता आले पाहिजे



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने पुढे पाठवतो. थैली, झोळी, वहाणा काही सोबत घेऊ नका, असे त्यांना बजावतो. ज्या घरी स्वागत होईल तिथेच राहा आणि ते जे वाढतील ते खा, असेही सांगतो. कामगिरीवर निघालेल्या माणसांना प्रभूने असे रिकाम्या हातांनी का पाठवले असेल?

आपल्या धर्मग्रामातील एक तरुण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जर्मनीत, म्युनिकला गेला होता. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे. निघण्यापूर्वी तो आशीर्वाद घ्यायला आला, तेव्हा आईने सामानाची यादीच वाचून दाखवली. मसाला, लोणचे, पापड, सुके बोंबील, छोटा कुकर, तापाच्या गोळ्या. ती म्हणाली, "फादर, परक्या मुलखात याला कोणाकडे काही मागायची पाळी येऊ नये." आईची मायाच ती. मीही मान डोलावली.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "फादर, कमी कशाचीच नाही. पण कामाव्यतिरिक्त कोणाशी शेवटचं कधी बोललो, तेच आठवत नाही." दुपारी सहकारी एकमेकांना 'माल्त्साइट' म्हणत जेवायला उठत, हा आपला डबा उघडून संगणकासमोरच बसे. रविवार तर खायला उठे. तिथे रविवारी दुकाने बंद असतात. मग दिवसभर खोली आणि घरच्यांचा फोन. "इथली माणसं थंड आहेत," तो म्हणाला.

मी त्याला एवढेच विचारले, "तू तिथे कोणाकडे काही मागितलंस का रे?" तो गप्प झाला. मागण्याची गरजच पडू नये अशी सोय आपण सर्वांनी मिळून करून दिली होती. त्याला काही कमी नव्हते, म्हणून कोणाचे दार वाजवण्याचे कारणही नव्हते.

पुढच्या रविवारी तो जवळच्या चर्चमध्ये गेला. मिस्सा जर्मन भाषेत होती. क्रम ओळखीचा, शब्द अनोळखी. गीतांचे क्रमांक फलकावर होते, पण पुस्तकात गीत सापडेना. शेवटी त्याने शेजारच्या एका वृद्ध बाईंपुढे पुस्तक धरले. त्यांनी पान काढून ओळीवर बोट ठेवले. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आपल्या शेजारी त्याची जागा धरून ठेवली होती. महिनाभराने त्यांनी त्याला दुपारच्या कॉफी-केकसाठी घरी बोलावले. जर्मन भाषेतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' आहे. 'तू' म्हणण्याचा मान सहसा वडीलधाऱ्यांनी द्यायचा असतो. तोवर राखलेले अंतर हा आदर असतो, तुसडेपणा नव्हे. त्या दिवशी बाईंनी त्याला तो मान दिला. ऑफिसातही तो सर्वांबरोबर जेवायला उठू लागला. सगळेच मित्र झाले असे नाही, पण दोघे झाले आणि ते आजही आहेत.

ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक उपयोगापुरती, दुसरी मौजेपुरती आणि तिसरी एकमेकांचे भले इच्छिणारी. तिसरीला वेळ लागतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, या जुन्या म्हणीची तो आठवण देतो. खाल्ल्या मिठाला जागणारे आपण, आपल्याला हे वेगळे सांगायला नको. आज मुलांना ओळखी वाढवायला शिकवले जाते. त्या उपयोगी असतात, पण ताप आल्यावर उशाशी बसत नाहीत.

१५२९ साली पॅरिसमध्ये तीन परदेशी विद्यार्थी एका खोलीत राहत होते. सॅव्हॉयचा पीटर फेबर, नव्हाराचा फ्रान्सिस झेवियर आणि लोयोलाचा इग्नेशियस. इग्नेशियस वयाने सर्वांत मोठा, अडतिशीच्या आसपास. तरीही तत्त्वज्ञानाचे धडे समजून घ्यायला तो तेवीस वर्षांच्या फेबरपुढे बसला. फेबरने त्याला अभ्यासात हात दिला, त्याने फेबरला प्रार्थनेच्या वाटेवर. झेवियरचे मन वळायला अधिक काळ लागला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी मिळून व्रते घेतली आणि त्यातूनच पुढे येशूसंघ उभा राहिला. १५४२ साली झेवियर गोव्यात उतरले. मित्रांच्या पत्रांतून त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नावे कापून घेऊन आपण ती जवळ बाळगतो, असे त्यांनी १५४६ साली अंबोन बेटावरून कळवले. सातासमुद्रापार गेलेल्या या महान संताच्या सामानात मित्रांची नावे होती!

आणि स्वतः प्रभू? शोमरोनात, परक्या विहिरीवर, त्याने त्या स्त्रीशी बोलणे सुरू केले ते पाणी मागून. सर्व काही देणारा देव आधी मागणारा झाला.

म्हणून परदेशी निघालेल्या मुलांनो, बॅगेत मसाला जरूर न्या, पण मागण्याची लाज घरी ठेवून जा. पालकांनो, "जेवलास का?" असे विचारता, तसे "कोणाबरोबर जेवलास?" असेही विचारा.

आणि आपण मागे राहणारे? नोकरीसाठी, शिक्षणासाठी दुसऱ्या प्रांतांतून आलेली माणसे आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. आपल्याला वाटते, ती अबोल आहेत. त्या आईचा मुलगाही तिकडे तसाच बसला होता. आज एकाला तरी गीताचे पान काढून द्या, घरी जेवायला बोलवा. आणि त्याच्याकडेही काहीतरी मागा: त्याच्या भाषेतले एखादे गीत, त्याच्या गावची एखादी गोष्ट. नुसते घेत राहणारा पाहुणा राहतो, ज्याच्याकडे मागितले जाते तो घरचा होतो.

हे प्रभू, दूर देशी असलेल्या आमच्या लेकरांना एक उघडे दार लाभो आणि आमचे दार कोणासाठी तरी उघडे राहो. आमेन.