हिशेब टाकून जाऊ नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग जास्त आला. नोकरी सोडून गडचिरोलीला जायचं ठरवलंस, याचा नाही. राग एका वाक्याचा आहे: ‘सर, इंजिनिअरिंगची वर्षं वाया गेली, आता यंत्रांऐवजी माणसांसाठी जगायचंय.’

वाया गेली? सरकारी कॉलेजात शिकलास तू. तिथली प्रयोगशाळा लोकांच्या पैशातून उभी राहिली, आणि ज्यांची सेवा करायला तू निघालास तेही त्या लोकांतच येतात. त्यांनी दिलेलं शिक्षण वाटेत टाकायचं, त्यांच्याच दारात रिकाम्या हाताने उभं राहायचं आणि वर त्याला त्याग म्हणायचं? नळयोजनेचा पंप जळतो तेव्हा हंडा घेऊन चालावं लागतं ते माणसांनाच. यंत्र वेगळं आणि माणूस वेगळा, हे मी तुला कधी शिकवलं?

विलासराव साळुंखे हे नाव वर्गात घेतलं होतं मी. तू विसरलास. ते इंजिनिअर होते. पुण्यात मोजमापाची अचूक उपकरणं बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. 1972च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात शेतकरी खडी फोडताना पाहिले आणि हा माणूस तिकडे वळला. नायगावात देवस्थानची 16 हेक्टर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खोदली, तिचं पाणी उपसून वर चढवलं. इथवरचं काम कोणताही चांगला इंजिनिअर करील. त्यांचं मोठेपण पुढे आहे. पाणी वाटायचं कसं? ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा रिवाज त्यांनी मोडला. पाणी माणशी. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. हीच पाणी पंचायत. पाऊस किती पडतो, त्यातला अडतो किती, खाणारी तोंडं किती, हे मांडल्याशिवाय असा नियम टिकत नाही. कारखान्यात जी शिस्त होती तीच त्यांनी माळावर नेली. न्याय त्यांनी लिटरात आणि एकरात उतरवला म्हणून तो गावाला वापरता आला.

डॉक्टरांचं सांगतो. अभय आणि राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले, परत आले आणि 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नुसती कणव घेऊन बसले असते तर तपासायला रांग लागली असती आणि नवजात बाळं घरोघरी मरत राहिली असती. त्यांनी आधी मोजलं: किती जन्मली, किती गेली, कशाने गेली. मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. 39 गावांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशाला आपल्या आशाताईंचं नवजात बाळांच्या काळजीचं काम त्या धर्तीवर आखावं लागलं. सरकारी नोंदीत न दिसणारे बालमृत्यू ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवले, तेही मोजूनच. भाषणाला सरकारकडे उत्तर असतं, नीट केलेल्या मोजणीला नसतं.

आता उलट टोकाला जाऊ नकोस. तुला मी ओळखतो. लॅपटॉप उघडशील, एक ॲप बनवशील आणि गावाचा प्रश्न सुटला म्हणशील. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तो कुणा शहरी हुशार माणसाने आणून दिला नाही. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल, वर्षानुवर्षं अभ्यासगटात बसले, वाद घातले, सर्वसहमतीने निर्णय घेत गेले. तिथे तुला गुरू म्हणून कोणी बोलावलेलं नाही. वनहक्काच्या दाव्याला हद्दीचा नकाशा लागतो, तो तुला काढता येतो. काढून दे. हद्द कुठून जाते हे गाव सांगेल, तू ऐकायचं. त्यासाठी गोंडी यायला हवी. एक शब्द तरी येतो का?

आणखी एक. पत्रात ‘मी’ किती वेळा आलाय ते बघ. मला समाधान हवं, मला अर्थ हवा, मला शांतता हवी. ज्या बाईचं बाळ दगावतं तिला तुझ्या समाधानाशी काय देणंघेणं? तुझा जीव कंटाळला असेल तर रजा काढ. गावं तुझ्या विश्रांतीसाठी नाहीत. वर्षभराने उबग आला म्हणून परत येशील, आणि मागे राहील अर्धवट योजना, बंद मोटर आणि पुढच्या माणसावर विश्वास न ठेवणारं गाव. हे पाप मी माझ्या विद्यार्थ्याच्या हातून होऊ देणार नाही.

घरच्या कर्जाचे हप्ते कोण भरणार, याबद्दलही पत्रात अक्षर नाही. न्यायाची भाषा बोलणाऱ्याने म्हाताऱ्या बापाला न विचारता त्याच्या खांद्यावर ओझं टाकू नये. वडिलांशी समोर बसून बोल.

राजीनामा सध्या खिशात ठेव. उन्हाळ्यात रजा घेऊन, जिथे जायचंय तिथे जा. पडेल ते काम कर: विहिरींची पातळी मोज, बंद हातपंप उघडून बघ, ग्रामसभेत मागे बसून ऐक. मग त्या गावात काय अडलंय आणि त्यातलं तुला काय येतं, एवढंच मला दोन पानांत लिहून पाठव. ‘मी’ हा शब्द न वापरता. ती पानं पटली तर शिफारसपत्र मी स्वतः लिहीन.