पिवळ्या रेषेचा पत्रव्यवहार

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. तिथे गेलेल्या माणसाला बहुधा एकच गोष्ट ऐकायला मिळते: १८ ऑगस्ट १८६८ या दिवशी लॉकयर नावाच्या इंग्रज साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण मांडली, खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला. दर वर्षी त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा केला जातो. गोष्ट रंगतदार आहे, पण निदान कोकणातल्या माणसाला तरी ती खटकायला हवी होती. सूर्य बघायचा म्हणून ऐन पावसाळ्यात विजयदुर्ग कोण गाठेल?

नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडात होता. लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य न्याहाळायचा, असे त्याचे आयुष्य. ग्रहणासाठी भारतात आलेली किंवा इथेच असलेली मंडळी वेगळी होती. गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन आणि मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत ढगांशी झगडणारा जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. सूर्याच्या कडेवरून ज्या लालसर ज्वाळा उसळलेल्या दिसतात, त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा आढळल्या. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या, हे ठरले. रेषांमध्ये एक पिवळी होती. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले की जो पिवळा रंग येतो तो सोडियमचा, वर्णपटातल्या 'डी' रेषेचा. ही तीच असणार, असे तेव्हा बहुतेक जण धरून चालले.

रेषा इतक्या ठसठशीत होत्या की जान्सेनच्या मनात आले, यांना ग्रहणाची गरजच काय? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भर उजेडात वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर लावला आणि ज्वाळांच्या रेषा त्याला पुन्हा दिसल्या. ग्रहणाची त्रोटक बातमी तारेने पॅरिसला गेली, पण ही नवी रीत मात्र त्याने आधी पुष्कळ दिवस वापरून पाहिली आणि मगच, १९ सप्टेंबरला, पत्रात मांडली. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचा होता. टपालाने आपला वेळ घेतला.

इकडे लॉकयरला हीच युक्ती दोन वर्षांपूर्वी सुचली होती. अडले होते ते यंत्रापाशी. नवा वर्णपटदर्शक त्याच्या हाती पडायला १८६८चा ऑक्टोबर उजाडला. २० तारखेला त्याला रेषा दिसल्या आणि त्याच दिवशी त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. ही बातमी खगोलज्ञ वॉरन द ला रू याने पॅरिसला कळवली. जान्सेनचे पत्र आणि लंडनचे पत्र, दोन्ही फ्रेंच विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली. आधी कोण, यावरून युरोपात किती डोकी फुटली असती! पण फ्रेंच सरकारने १८७२ साली दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरून वाद मिटवला. इतका शहाणपणा सरकारांना क्वचितच सुचतो.

आता गंमत अशी की या पत्रांत हेलियम नाहीच. त्यांत आहे ती ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याची रीत. फार तर लॉकयरच्या पत्रात एक शब्द सापडतो. आपल्याला दिसलेल्या तीन रेषांविषयी तो म्हणतो की एक 'सी'शी तंतोतंत जुळते, दुसरी 'एफ'शी जवळजवळ जुळते, आणि तिसरी 'डी'च्या जवळ आहे. जवळ आहे, 'डी'वर नाही. हेलियमची सगळी कथा या 'जवळ'मध्ये दडलेली आहे. एखाद्याने हा फरक मोजणीतली चूक म्हणून सोडून दिला असता. लॉकयरने पुन्हा पुन्हा मोजले. सोडियमच्या दोन रेषा डी-१ आणि डी-२, म्हणून या तिसरीला त्याने डी-३ म्हटले.

पण मग ती कुणाची? 'सी' आणि 'एफ' या रेषा हायड्रोजनच्या, तेव्हा हीही त्याचीच असेल का? रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंडला सोबत घेऊन त्याने हायड्रोजनवर निरनिराळ्या दाबांखाली प्रयोग केले. डी-३ काही उमटेना. पृथ्वीवर नसलेले मूलद्रव्य सूर्यावर असेल, असे दोघे आपापसांत बोलत असावेत, कारण १८७१ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनने एडिंबरोच्या विज्ञान परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात हेलियम हे नाव त्यांच्याच हवाल्याने उच्चारले. पुढच्या वर्षी फ्रँकलंडने लॉकयरला लिहिले की मी या कल्पनेला पहिल्यापासून हरकत घेत आलो आहे. हायड्रोजनमधून ती रेषा काढण्याचे सगळे उपाय आधी थकू द्या. मला हे पत्र शोधाच्या पत्रांहून मोलाचे वाटते. नावातही तेव्हाची समजूत गोठून राहिली आहे. 'इयम' हा शेवट धातूंचा, आणि हे मूलद्रव्य धातूच असणार असे तेव्हा धरले गेले होते.

पुढची तेवीस वर्षे हेलियम नुसते नावापुरते होते. ही कोंडीही एका पत्रानेच फोडली. १८९५च्या फेब्रुवारीत ब्रिटिश म्युझियमच्या हेन्री मायर्सने रसायनज्ञ विल्यम रॅम्झीला कळवले की अमेरिकेत हिलब्रँडला युरेनियमच्या खनिजातून एक निष्क्रिय वायू मिळाला आहे आणि तो त्याला नायट्रोजन समजतो. रॅम्झी तेव्हा नुकत्याच सापडलेल्या आर्गॉनच्या मागे होता. त्याने क्लेव्हाइट नावाचे खनिज आम्लात उकळले, निघालेला वायू नळीत भरला, त्याला तात्पुरते 'क्रिप्टॉन' म्हटले आणि नळी वर्णपटांचा जाणकार विल्यम क्रूक्स याच्याकडे पाठवली. क्रूक्सची तार आली: हा तर हेलियम. रॅम्झीने ही वार्ता बायकोला लिहिलेल्या पत्रात घातली. हिलब्रँडनेही रॅम्झीला पत्र पाठवले. ओळखू न येणाऱ्या रेषा आम्हालाही दिसल्या होत्या, नवे मूलद्रव्य असेल अशी थट्टाही झाली होती, असे त्याने त्यात प्रांजळपणे सांगितले. थट्टा तपासून पाहायची राहून गेली, एवढेच.

आता या शोधाची तारीख कोणती धरायची? १८ ऑगस्ट, २० ऑक्टोबर, थॉमसनच्या भाषणाचा दिवस, की क्रूक्सच्या तारेचा? आणि जागा? गुंटूर, लंडन, की क्लेव्हाइटची ती बाटली? दिन साजरा करायला एक तारीख लागते आणि फलक लावायला एक भिंत लागते, त्याला इलाज नाही. पत्रे वाचली तर मात्र सत्तावीस वर्षांची चाचपड दिसते.

लॉकयर विजयदुर्गावर आला होता, हे मात्र खरे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, कोकणाचे आकाश निरभ्र असताना, 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. लॉकयर तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता आणि हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती.