पंधराच ना?

आई नागपूरहून निघाली तेव्हा मुलाने फोनवर सांगितलं होतं, "तू फक्त निजामुद्दीनला उतर. पुढचं मी बघतो." बघायची वेळ आली तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. त्याने ऑफिसातल्या गाड्यांचं काम बघणाऱ्या पोऱ्याला मेसेज टाकला, स्टेशनवर गाडी पाठव, सेक्टर 15ला सोडायचंय. पोऱ्या हुशार. त्याने उलट विचारलं, "पंधराच ना, सर?" उत्तर गेलं, "हो, पंधराच." पोऱ्याने ड्रायव्हरला कळवलं. ड्रायव्हरने आईची पिशवी डिकीत ठेवली, यमुना ओलांडली आणि तिला नोएडाच्या सेक्टर 15मध्ये नेऊन उभं केलं. मुलाचं घर गुरुग्रामच्या सेक्टर 15मध्ये.

दिल्लीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, सेक्टर 15 नोएडात आहे, गुरुग्रामात आहे, फरीदाबादेत आहे आणि रोहिणीतही आहे. इथल्या नगररचनाकारांचा आकड्यांवर भारी विश्वास.

संध्याकाळच्या गर्दीतून उलटा प्रवास करून आई घरी पोचली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मांडीवरचा संत्रा बर्फीचा डबा तिने तसाच धरून ठेवला होता. मुलगा पोऱ्यावर फोनवरून ओरडला, "मी स्पष्ट सांगितलं होतं!" पोऱ्या म्हणाला, "सर, मी विचारूनही घेतलं होतं." दोघंही खरंच बोलत होते. आई म्हणाली, "नदी लागली तेव्हाच मला शंका आली. मागच्या खेपेला नदी नव्हती लागली."

"मग फोन का नाही केलास?"

"तू कामात असशील म्हटलं."

रविवारी दोघं करोल बागेत मामांकडे गेली. मामा विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, संदेशवहन विभागातले. भाच्याने सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी पुन्हा तेच, "मी स्पष्ट सांगितलं होतं, मामा." मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चरखी दादरीची गोष्ट काढली.

12 नोव्हेंबर 1996, दिवाळीचे दिवस. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सौदी अरेबियाचं बोइंग 747 दिल्लीहून निघालं. आत 312 माणसं, बरीचशी आखातात पोटापाण्यासाठी निघालेली. समोरून कझाकस्तानातल्या चिमकेंटहून इल्युशिन 76 दिल्लीकडे येत होतं, त्यात 37 जण. पश्चिमेकडे जायला आणि तिकडून यायला तेव्हा एकच हवाई वाट होती. आकाशाचा बराच भाग हवाई दलाकडे, म्हणून येणारे वर आणि जाणारे खाली, अशी सोय करायची.

नियंत्रकाने सौदी विमानाला 14 हजार फुटांवर थांबवलं. कझाक विमानाला 15 हजारांवर यायला सांगितलं, पोचलात की कळवा म्हणाला. पोचलो, असं उत्तर आलं. मग त्याने इशाराही दिला, समोरून सौदीचं बोइंग येतंय, 14 हजारांवर आहे, दिसलं की सांगा. बघतोय, असं उत्तर आलं. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची दिशा आणि अंतर दिसायचं, उंची दिसायची नाही. उंची विमानाने सांगायची आणि इथे ती खरी मानायची.

"आता बघ," मामा म्हणाले, "रेडिओवर बोलत होता तो माणूस विमान चालवत नव्हता. त्यांच्याकडे बोलायला वेगळा रेडिओवाला असायचा. त्याच्यापुढे उंचीचं स्वतःचं यंत्र नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून काटा बघायचा. आणि ज्यांच्या हातात विमान होतं त्यांचं इंग्रजी कच्चं. नियंत्रक बोलला रेडिओवाल्याशी. विमान उतरवत होते दुसरेच."

ते दुसरे सांगितलेली उंची सोडून खाली आले होते. रेडिओवाल्याच्या ते अगदी शेवटी लक्षात आलं. वर घ्या, तो म्हणाला. विमान वर चढू लागलं आणि त्याच चढत्या अवस्थेत त्याची शेपटी सौदी विमानाच्या डाव्या पंखातून गेली. चढलं नसतं तर बहुधा खालून निघून गेलं असतं, असं जाणकार सांगतात. दिल्लीपासून सुमारे 100 किलोमीटरवर, चरखी दादरीच्या शेतांत दोन्ही विमानांचे तुकडे पडले. 349 माणसं होती, एकही वाचलं नाही. दोन विमानं हवेतच आदळून इतकी माणसं जगात कुठे गेलेली नाहीत.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "म्हणजे नियंत्रकाची चूक नव्हतीच. त्याने तर बरोबर सांगितलं होतं."

"चौकशी आयोगानेही तेच म्हटलं. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटींचा आयोग, पुढे सरन्यायाधीश झाले ते. दोष कझाक विमानावर ठेवला. पण अहवाल तिथे थांबला नाही. जायची आणि यायची वाट वेगळी करा, रडारवर उंची दिसू द्या, विमानांना एकमेकांची चाहूल देणारं यंत्र बसवा, असं सगळं सुचवलं. कोणी बरोबर सांगितलं ते ठरवून भागलं असतं, तर एवढा खर्च कशाला केला असता?"

"पण आमच्या पोऱ्याने तर उलट विचारून घेतलं होतं."

"त्याने आकडा विचारला, गाव नाही विचारलं. तूही आकड्यालाच हो म्हणालास. कझाक विमानानेही आकडा बरोबरच सांगितला होता की! बरं, गाडी पोऱ्या चालवत होता का? ड्रायव्हरशी कोण बोललं?"

कोणीच बोललं नव्हतं. आईकडेही त्याचा नंबर नव्हता आणि त्याच्याकडे आईचा. मामा बहिणीकडे वळले. "आणि तू गं? नदी दिसली तरी गप्प!"

"दादा, पोराला उगाच त्रास नको, म्हणून."

माझ्या मते या सगळ्यात महागडं वाक्य हेच. मराठी घरांत ते आपण प्रेमाने वापरतो आणि ऑफिसात भीतीने. काहीतरी चुकतंय हे सगळ्यात आधी बहुधा मागे बसलेल्याला दिसतं आणि त्यालाच बोलायचा संकोच असतो.

भाच्याने तिथूनच पोऱ्याला फोन लावला. माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, यापुढे मेसेजमध्ये शहराचं नाव, घरचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, सगळं लागेल. पोऱ्या म्हणाला, "लिहून ठेवतो, सर. परत सांगू का तुम्हाला?" भाचा जरा थांबला आणि म्हणाला, "सांग."

मामी बर्फी घेऊन आल्या. मामांनी उरलेली माहितीही दिली, अर्धवट गोष्ट सोडायची त्यांना सवय नाही. चरखी दादरीसारख्या अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी बोलण्याची आणि ऐकून समजण्याची इंग्रजी परीक्षा ठरवली. मार्च 2008 पासून ती लागू झाली. किमान चौथी पातळी लागते, आणि तेवढीच मिळाली असेल तर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसावं लागतं.