चरण चुकला तर सांगणार कोण?

आपल्या नंदुरबारकडून पंढरी लांब. तापीकाठी प्रकाशाला बसून आळंदीचे कीर्तन मोबाईलवर ऐकता येते, ही सोय लहान नव्हे. २०२० साली करोनामुळे पायी वारी बंद राहिली, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. तेव्हा कित्येकांनी पडद्यावरच दर्शन घेतले.

पण मायबापहो, फडाचा, गावच्या जुन्या विणेकऱ्याचा शब्द आता पूर्वीसारखा चालत नाही. पोर म्हणते, "आबा, मोबाईलवर महाराज वेगळंच सांगतात." मग हा अधिकार गेला ते बरे झाले की वाईट?

सगळा अधिकार एका मापाने मोजू नये. देवाच्या दारात उभे राहून आत कोणाला घ्यायचे हे ठरवणारा अधिकार गेला, त्याचे दुःख कशाला? अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात त्याविरुद्धच पंढरपुरी उपोषण केले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढले, तरी कोर्टकचेऱ्या सरायला २०१४ साल उजाडले! त्यात मोबाईलचा काही हात नव्हता.

दुसरा अधिकार निराळा. कीर्तनकाराच्या पाठीशी टाळकरी उभे असतात, त्यांची गाथा पाठ असते. बुवांचा चरण चुकला तर मागून बरोबर चरण उचलला जातो. बुवा कितीही मोठे असोत, ऐकावेच लागते. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे पाठांतरही होते आणि अर्थही पक्का होतो. त्याच्याही कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढले. म्हणजे भेसळ जुनीच, मोबाईलने तिला पाय फोडले इतकेच. कोणीही चार ओळी जुळवाव्यात, खाली तुकोबांचे नाव घालावे, की झाला अभंग!

मोबाईलवरच्या बुवांपुढे श्रोते लाखो, पण त्यांना अडवणारे कोणी नाही. पाठीशी टाळकरी असले तरी चूक तशीच गावोगाव जाते. आणि बुवा आवडले नाहीत तर बोट सरकवले की दुसरे बुवा हजर. फडाचे खरे मोल या अडवण्यात होते, असे मला वाटते. अर्थात फडानेही शंका विचारणाऱ्या पोराला पुष्कळदा "गप बस" म्हटले. ते पोर मोबाईलकडे गेले, यात नवल काय?

असो. गाथाही आता त्याच यंत्रात मिळते. एकादशीच्या भजनात कोणी नवा चरण आणला तर विणेकऱ्याने रागावू नये. "गाथेत दाखव बरं," म्हणावे. सापडला तर सगळ्यांनी म्हणावा. नाही सापडला तर तो आला कुठून, हे त्या पोरालाच शोधायला सांगावे, आणि पुढच्या एकादशीला विचारावे.