पाण्याचा दिवस

सोलापुरात एक विज्ञानाचे सर राहत. शाळा सुटून दोन वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून सगळे सरच म्हणत. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्यांनी एकच हौस केली. मातीच्या अंगणात शहाबादी फरशी घातली. वखारीत स्वतः जाऊन, एकेक लादी बोटाने वाजवून निवडली. मिस्त्रीने मुरमावर सिमेंटचा माल पसरून ती बसवली, दरजा भरल्या, आणि राखाडी-निळं अंगण असं दिसायला लागलं की सर आल्यागेल्याला चपला बाहेर काढायला लावू लागले.

दिवाळी सरली, हवा कोरडी पडली आणि एका सकाळी फरशीवर पांढरं उमटलं. काकूंना वाटलं, पोरींच्या हातून रांगोळी सांडली असेल. पण रांगोळी झाडली की जाते. हे दोन दिवसांनी परत आलं, दरजांच्या कडेने रेघ ओढल्यासारखं आणि हौदाच्या कोपऱ्यात पीठ भुरभुरल्यासारखं.

"लोणा लागला," शेजारचे आजोबा म्हणाले.

सरांनी दोष ठरवून टाकला: मिस्त्रीने खारी वाळू वापरली. हिशेबातले शेवटचे पाचशे रुपये त्यांनी अडवून धरले. मिस्त्री जरा वेळ अंगणात उभा राहिला, हौदाकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, पाणी बघा." सरांना ते उर्मट वाटलं.

मग सुरू झाली धुणी. रोज सकाळी बोअरच्या दोन बादल्या आणि खराटा. ओली फरशी काळीभोर, स्वच्छ दिसायची, सर समाधानाने आत जायचे, आणि उन्हं कलली की पांढरं हजर! त्यात नवल काही नव्हतं. क्षार पाण्यात विरघळायचा, पाण्याबरोबर दगडाच्या छिद्रांत परत मुरायचा आणि ऊन लागलं की पाणी उडून तो वर राहायचा. शिवाय बोअरचं पाणी स्वतःचा क्षार घेऊन यायचं ते वेगळंच. काकूंच्या स्टीलच्या बादलीला ज्या पाण्याने पांढरी कड धरली होती, तेच हे पाणी.

महिन्याभराने सरांनी संडास धुवायचं अॅसिड आणलं. ओतल्याबरोबर फरशी फसफसली. "मळ उकळतोय बघ," ते काकूंना म्हणाले.

आता ही गंमत मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या माणसाने तीस वर्षं आठवीच्या वर्गात शहाबादीच्या तुकड्यावर आम्ल टाकून बुडबुडे दाखवले होते. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, आम्लाने तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधाळ करून दाखवली होती. दरजांवरची कडक पांढरी पापडी तीच तर होती: सिमेंटमधला चुना ओलीबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळाला होता. शाळेतलं ज्ञान शाळेत राहिलं आणि घरच्या अंगणात मळ उकळला. फसफस थांबली तेव्हा पापडी गेली होती खरी, पण तिच्याबरोबर फरशीची कांतीही गेली होती. हात फिरवला की काचपेपरसारखं लागे.

तरी सर थांबले नाहीत. दुकानदाराने चकाकीचा लेप दिला, तो त्यांनी दोन हात मारला. आठवडाभर अंगण आरशासारखं होतं. मग लेपाच्या आतच पांढरं धरलं, फोड आले आणि पापुद्रे सुटायला लागले. ओल खालून येतच होती, तिची वर जायची वाट तेवढी सरांनी बंद केली होती.

त्या संध्याकाळी ते पायरीवर डोकं धरून बसले. काकू तांदूळ निवडत होत्या.

"पाण्याच्या दिवसानंतर जास्त येतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

काकूंनी आतून कालनिर्णय आणलं. नळाला चार दिवसांनी, तेही पहाटे तीनला पाणी यायचं. त्या तारखांना काकूंची खूण होती आणि काही खुणांनंतर बारीक अक्षरात 'लोणा' लिहिलेलं होतं, दर वेळी दोन-तीन दिवस पुढे.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी? हौद भरून तासभर वाहतो. मी एकदा म्हटलं तर तुम्हीच म्हणालात, वाया कुठे जातंय, जमिनीतच मुरतंय."

सर गप्प.

"तो पांढरा डाग तुम्हाला तेच सांगत होता ना, की इथे पाणी मुरतंय. तुम्ही सांगणाऱ्याचंच तोंड धूत बसलात."

दुसऱ्या दिवशी हौदाला बॉलकॉक बसला. वाहून जाणाऱ्या पाण्याची नळी पपईच्या आळ्याकडे वळवली. हौदालगतच्या दोन ओळी उचलल्या तर खालचा मुरूम चिखल झालेला. तिथे खडी भरली आणि गटाराकडे बोटभर उतार देऊन लाद्या परत बसवल्या. लेपाचे पापुद्रे खरवडून काढले. मग अंगणावर पाण्याचा थेंब न टाकता काकूंनी जे वर आलं होतं ते कोरड्या काथ्याच्या ब्रशने झाडलं, सुपलीत भरलं आणि बाहेर टाकलं. चार-आठ दिवसांनी पुन्हा थोडं आलं, पुन्हा झाडलं. पावसाळ्यानंतर आणखी थोडं आलं. खडबडीत झालेल्या लाद्या मात्र तशाच राहिल्या. सर तिथून अनवाणी चालताना अजून पाय जपून टाकतात.

पुढच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी ते मिस्त्रीच्या घरी गेले. पाचशेची नोट फराळाच्या डब्यावर ठेवली.

मिस्त्रीने नोटेकडे बघितलं नाही. "लोणा गेला का, सर?"

"थोडा येतो अजून."

"झाडताय ना? कोरडंच?"

"कोरडंच," सर म्हणाले, आणि मिस्त्रीने सरकवलेल्या पाटावर बसले.